रजेच्या अर्जावरचा खोटा आजार

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

१० ऑक्टोबर हा जागतिक मानसिक आरोग्य दिन. त्या निमित्ताने जिल्ह्यातील एका कार्यालयात ‘ताणमुक्त नोकरी’ या विषयावर झालेल्या व्याख्यानाचे वृत्त आपल्या दैनिकात छायाचित्रासह वाचले. कर्मचाऱ्यांनी पहाटे उठावे, प्राणायाम करावा, मनात चांगले विचार आणावेत आणि कामाचा ताण घरी नेऊ नये, असे व्याख्यात्यांनी सांगितल्याचे बातमीत म्हटले आहे. उपदेश वाईट नाही आणि धडधाकट माणसाला त्याचा उपयोगही होत असेल. मात्र त्या सभागृहात बसलेल्यांपैकी एखादा जर नैराश्याने खरोखर आजारी असेल, तर त्याला पहाटे उठायला वेगळे सांगावे लागत नाही. तो साडेतीनलाच जागा होतो आणि उजाडेपर्यंत कौलांकडे पाहत पडून राहतो. मी तसा कित्येक महिने पडून होतो, म्हणून हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले आहे याची जाणीव आहे. परंतु हा विषय चार ओळींत मांडला की त्याचे पुन्हा व्याख्यानच होते.

मी देवगड तालुक्यातला. एका बँकेत ३३ वर्षे नोकरी करून २०२४ मध्ये निवृत्त झालो. शेवटची बरीच वर्षे खाडीजवळच्या एका लहान शाखेत गेली. आंबा बागायतदार, मच्छीमार, शिक्षक आणि मुंबईतल्या चाकरमान्यांनी घरी पाठवलेले पैसे काढायला येणाऱ्या बायका, असे आमचे खातेदार. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्या आणि १० तारखेला बँका उघडल्या, तेव्हा आमच्या शाखेबाहेरची रांग हमरस्त्याला लागली होती. एका खात्यातून आठवड्याला जास्तीत जास्त २४ हजार रुपये देता येत होते आणि तेवढेही आमच्या तिजोरीत पुष्कळदा नसत. कलमांवरील फवारणीचे ते दिवस होते. बागायतदाराला मजुरांची रोजंदारी रोखीने द्यायची असे आणि तांडेलाला, म्हणजे मासेमारी नौकेच्या प्रमुखाला, खलाशांचा हिशेब चुकता करायचा असे. ज्यांच्या घरी मी दरवर्षी गणपतीच्या दर्शनाला जातो अशी माणसे खिडकीसमोर उभी राहून मला नको ते बोलून गेली आणि त्यांच्या जागी मी असतो तर मीही बोललो असतो. ३० डिसेंबरपर्यंत रात्री नऊ-दहाच्या आधी शाखेचे शटर खाली आल्याचे मला आठवत नाही.

त्या पन्नास दिवसांनी मला आजारी पाडले, असे म्हणणे सोयीचे झाले असते, पण ते पुरते खरे होणार नाही. शाखेतील इतर पाच जणांनी तोच भार वाहिला आणि ते ठणठणीत राहिले. माझे एक चुलते माझ्या लहानपणी महिनोन् महिने माळ्यावर बसून असत, जेवायला बोलावले तरी खाली उतरत नसत आणि घरात सगळे त्यांना आळशी म्हणत. त्यांना काय झाले होते हे मला माझ्या पन्नाशीनंतर उमगले. रक्तातून आलेला कल, वय, त्याच वर्षी झालेला वडिलांचा मृत्यू आणि कामाचा भार हे सगळे एकत्र आले आणि २०१७ च्या पावसाळ्यात मी ढासळलो.

हा आजार कामाच्या जागी कसा दिसतो, हे सांगणे मला आवश्यक वाटते, कारण तो रडणाऱ्या माणसासारखा दिसत नाही. एकच व्हाउचर तीनदा वाचूनही त्यावरची रक्कम डोक्यात शिरत नसे. संध्याकाळी रोख जुळवताना बेरीज दर वेळी वेगळी येई. एकदा ४,५०० रुपये कमी भरले ते मी कोणाला न सांगता खिशातून घातले आणि त्या रात्री आपण अफरातफर केली आहे अशा अपराधाने तळमळत राहिलो. भाजलेल्या सुक्या बांगड्याच्या नुसत्या वासावर चार घास जास्त जेवणारा मी पेज समोर घेऊन बसून राही. माझी सकाळ सर्वांत वाईट जाई आणि दिवस कलला की थोडे हलके वाटे. असे होणे या आजारात अनेकांच्या बाबतीत घडते, हे मला नंतर डॉक्टरांकडून कळले. शाखेत मात्र त्याचा अर्थ वेगळा लागला. सकाळी उशिरा येतो, खिडकीवर सुस्तावतो आणि संध्याकाळी बाजारात बोलत उभा असतो, म्हणजे हे सोंग आहे. त्या वेळच्या वरिष्ठांनी मला केबिनमध्ये बोलावून विचारले, “तुमच्या डोक्यावर कर्ज आहे का? मुलीचं लग्न अडलंय का? नाही ना, मग टेन्शन कसलं घेता?” ते गृहस्थ दुष्ट नव्हते. दुःखाला हिशेबात दाखवता येईल असे कारण असलेच पाहिजे, अशी त्यांची समजूत होती आणि मला वाटते ती बहुतेकांची असते.

गावातल्या डॉक्टरांनी साखर, थायरॉइड आणि बी-१२ तपासले. हे योग्यच होते, कारण थायरॉइडचे प्रमाण कमी झाले तरी माणूस असाच मंद आणि उदास होतो. सगळे ठीक निघाल्यावर त्यांनी ताकदीची सहा इंजेक्शने दिली आणि सातव्या खेपेला दार लोटून घेऊन हळू आवाजात म्हणाले, “एकदा कोल्हापूरला दाखवून या.” कोल्हापूरच का, हे दोघांनाही ठाऊक होते. ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात गेलो असतो तर रांगेत आमचे दोन-चार खातेदार नक्की भेटले असते आणि रत्नागिरीचे तर नावही काढायची सोय नव्हती. रत्नागिरीचे मनोरुग्णालय एकोणिसाव्या शतकात उभे राहिले आणि तेव्हापासून आमच्याकडे ‘ह्याका रत्नागिरीक धाडूक व्हयो’ हे वाक्य थट्टेत, भांडणात आणि सोयरीक मोडताना सारख्याच सहजतेने वापरले जाते. तेथे बाह्यरुग्ण विभाग आहे, माणूस सकाळी जाऊन दुपारी औषधे घेऊन घरी येऊ शकतो, ही गोष्ट मात्र त्या वाक्याइतकी प्रसिद्ध नाही. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद ठेवण्याची पद्धत २०१५ पासून सुरू झाली होती. त्या सुटीचा फायदा घेऊन मी फोंडा घाट चढून कोल्हापूरला जाऊ लागलो. शाखेत सांगताना पाहुण्यांकडे जातो असे सांगत असे.

तेथील मानसोपचारतज्ज्ञांनी मला गेल्या दोन आठवड्यांविषयी नऊ प्रश्न विचारले. कामात रस वाटतो का, झोप कशी आहे, भूक कशी आहे, थकवा येतो का, लक्ष लागते का, आपण घरच्यांना खाली मान घालायला लावली असे वाटते का, आणि शेवटी, मेलो तर बरे असा विचार मनात येतो का. शेवटच्या प्रश्नाला मी ‘कधीकधी’ असे उत्तर दिले आणि हे मी जन्मात पहिल्यांदा कोणाला तरी सांगितले. त्यांनी ते शांतपणे लिहून घेतले. औषधाचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतील, पहिल्या आठवड्यात मळमळेल, ही झोपेची गोळी नव्हे आणि बरे वाटले तरी निदान सहा महिने ती मनाने बंद करायची नाही, असे त्यांनी बजावले. रोज संध्याकाळी अर्धा-पाऊण तास झपझप चाला, असेही सांगितले. तिसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती नोकरीविषयी होती. माझ्या ड्रॉवरमध्ये राजीनामा लिहून ठेवलेला होता. आजार उतरेपर्यंत राजीनामा, बदलीचा अर्ज, जमिनीची विक्री यांतले काहीही करू नका, असे ते म्हणाले. तो कागद मी नंतर चुलीत घातला; माझे निवृत्तिवेतन त्या एका वाक्याने वाचले आहे.

एक महिन्याच्या विश्रांतीचे प्रमाणपत्र मिळाले आणि माझ्या पत्राचा खरा विषय येथून सुरू होतो. आमच्याकडील रजेच्या अर्जात ‘आजाराचे स्वरूप’ असा रकाना होता. अर्ज शाखाधिकाऱ्यांकडून आस्थापना विभागाकडे जाई, तेथे तो लिपिकाच्या टेबलावरून दोन अधिकाऱ्यांच्या टेबलांवर फिरे आणि सेवापुस्तकात नोंद होईपर्यंत निदान सात-आठ जणांच्या नजरेखालून जाई. मानसोपचारतज्ज्ञाच्या शिक्क्याचे प्रमाणपत्र जोडायचे म्हणजे आठ दिवसांत ते जिल्ह्यातल्या सर्व शाखांना कळणार, हे मला लख्ख दिसत होते, कारण इतरांच्या बाबतीत अशा बातम्या मीच चहाच्या वेळी चवीने ऐकल्या होत्या. मी ते प्रमाणपत्र घरी कपाटात ठेवले, ओळखीच्या एका डॉक्टरांकडून दुसरे आणले आणि रकान्यात लिहिले, ‘कंबरदुखी – मणक्यातील गादी सरकणे’.

रजा मिळाली. पुढे जे झाले त्याचे मला आज हसू येते, तेव्हा येत नव्हते. रजा संपवून हजर झालो तो कमरेला पट्टा बांधून. नोटांची पेटी उचलताना मी वेदना झाल्यासारखे तोंड करी. एका सहकाऱ्याने नारायण तेलाची बाटली आणून दिली, दुसऱ्याने कुडाळजवळच्या एका मसाज करणाऱ्याचा पत्ता दिला आणि शिपाई बिचारा माझ्या खुर्चीवर रोज न सांगता उशी ठेवू लागला. ज्या माणसांना मी टाळत होतो त्यांनी माझ्या नसलेल्या आजाराची इतकी मायेने काळजी घेतली, की असलेल्या आजाराची त्यांनी याच्या निम्मी घेतली असती तरी मी लवकर बरा झालो असतो असे मला वाटत राही. डॉक्टरांनी सांगितलेले चालणे तर बंदच पडले. मणक्याची गादी सरकलेला कॅशियर संध्याकाळी वाळूतून झपाझप चालताना चार लोकांनी पाहिला, तर रजा खोटी ठरणार! लपवण्यासाठी निवडलेल्या आजाराने खऱ्या आजाराचे औषध असे काढून घेतले. शिवाय काय सांगितले, कोणाला सांगितले, किती दिवस सांगितले, याचा हिशेब ठेवायला जे डोके लागते तेच तर या आजारात चालत नाही. मी कामात जितका थकत नव्हतो तितका हे सोंग निभावताना थकत होतो.

याच काळात आई ग्रामदेवतेकडे कौल लावायला गेली. मला ते पसंत नव्हते, पण तिला अडवण्याचे त्राणही नव्हते. देवळात गुरवाने गाऱ्हाणे घातले. ह्या लेकराची झोप उडाली हा, कामात चित्त नाय, खाल्लेला अंगाक लागना नाय, जो काय गुन्हो घडलो असात तो पोटात घाल आणि तेका बरो कर रे म्हाराजा! आणि बारा-पाचाच्या मानकऱ्यांसह जमलेले सगळे एका सुरात म्हणाले, “व्हय म्हाराजा!” माझा आजार गाऱ्हाण्याने बरा झाला असे मी म्हणत नाही, तो औषधाने आणि वेळ जाऊ दिल्याने बरा झाला. पण झोप उडाली, चित्त नाही, अंगाला लागत नाही, ही माझी खरी लक्षणे गावासमोर मोठ्याने उच्चारली गेली ती त्या देवळात, आणि तीस माणसांनी त्यावर ‘होय’ म्हटले. शाखेतल्या अर्जावर मात्र मी गादी सरकवून बसलो होतो. सुशिक्षितांच्या कार्यालयात जे लिहिता येत नाही ते गुरवाला म्हणता येते, यावर मी पुष्कळ विचार केला आहे.

गणपतीत बरे वाटू लागले म्हणून गोळ्या मनानेच बंद केल्या आणि दिवाळीच्या सुमारास पुन्हा अंथरूण धरले, हा माझा मूर्खपणा नोंदवून पुढे जातो. दुसऱ्या खेपेला मला खरे सांगण्याची वेळ आली, कारण गादी दुसऱ्यांदा सरकवणे जमेना. मधल्या काळात शाखेत नवे अधिकारी आले होते. मी त्यांना केबिनमध्ये एकट्याने गाठून सगळे सांगितले. त्यांनी मला धीर दिला नाही, स्वतःची गोष्टही सांगितली नाही. फक्त विचारले, “दिवसातला कुठला वेळ बरा जातो?” मी म्हणालो, दुपारनंतरचा. दुसऱ्या दिवसापासून मला रोखीच्या खिडकीवरून काढून आतल्या खोलीत पीककर्जाच्या कागदपत्रांच्या तपासणीला बसवले गेले. किचकट प्रकरणे दुपारनंतर आणि सकाळी नुसती लावालाव. माझ्या प्रत्येक कागदावर दोन महिने दुसऱ्या एकाची सही घेण्याची पद्धत त्यांनी सर्वांसाठीच सुरू केली, जेणेकरून ती माझ्यासाठी आहे हे कोणाला कळू नये. ही दोन-तीन पावले होती आणि त्यांना एक पैसा लागला नाही. मी स्वतः एवढेच केले, की सकाळी आल्यावर चिठ्ठीवर तीन कामे लिहायची, तीनच, आणि ती झाली की तो दिवस पदरात पडला असे मानायचे. मार्च अखेरीस मी पुन्हा खिडकीवर बसलो. रोख पहिल्या दिवशीच जुळली, तेव्हा त्या अधिकाऱ्यांनी वहीवर सही करता करता वर पाहिले आणि काही न बोलता पुन्हा मान खाली घातली.

माझी गोष्ट कायम नोकरीची, म्हणजे तशी भाग्याचीच आहे. ज्यांच्याकडे रजेचा अर्जच नाही त्यांचे काय? काजूच्या कारखान्यात सोललेल्या गराच्या किलोवर मजुरी मिळवणारी बाई मंदावली की मजुरी आपोआप घटते आणि ती घरी राहिली तर तो खाडा धरला जातो. तिचा आजार मजुरीच्या वहीत दिसतो, फक्त त्याला कोणी आजार म्हणत नाही. ट्रॉलरवरच्या खलाशाची झोप उडाली तर तांडेल त्याला पुढच्या फेरीला घेत नाही आणि त्यात तांडेलाचेही सगळेच चुकते असे नाही, कारण रात्री जाळे ओढताना सुन्न झालेला माणूस समुद्रात जाऊ शकतो. एस.टी.चा चालक खरे सांगेल तर स्टिअरिंग जाईल या भीतीने गप्प राहतो. कंत्राटी संगणकचालक, तासिकेवरचा शिक्षक, अशांचे करार अकरा महिन्यांच्या आसपास लटकलेले असतात आणि बाराव्या महिन्यात कोणाला पुन्हा घ्यायचे हे ठरवताना ‘त्याचं जरा डोक्याचं आहे’ एवढे एक वाक्य पुरते. यांच्यापैकी कोणाला मी ‘मनमोकळेपणाने बोला’ असा सल्ला देणार नाही. मनमोकळेपणाची किंमत प्रत्येकाला सारखी पडत नाही.

कायदा या बाबतीत आपल्या कार्यालयांच्या बराच पुढे गेला आहे, हे येथे सांगितले पाहिजे. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मध्ये संमत झाला आणि २०१८ पासून लागू आहे. त्याच्या २१ व्या कलमानुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच संरक्षण द्यायचे आहे आणि २३ व्या कलमानुसार उपचार करणाऱ्यांनी रुग्णाची माहिती गोपनीय ठेवायची आहे. मात्र ही गोपनीयता डॉक्टरांवर बंधनकारक आहे. तेच प्रमाणपत्र आमच्या आस्थापना विभागाच्या टेबलावर उघडे पडले की तिथे तिला राखणदार उरत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये मानसिक आजाराचा समावेश आहे आणि सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला शासकीय आस्थापनेने काढून टाकू नये किंवा खालच्या पदावर आणू नये, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय राखीव पोलीस दलातील एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात याच्याही पुढे जाऊन म्हटले, की मानसिक दिव्यांगत्व असलेल्या कर्मचाऱ्याविरुद्ध शिस्तभंगाची कारवाई सुरू करणे हाच अप्रत्यक्ष भेदभावाचा एक प्रकार आहे. या निर्णयाची प्रत किती आस्थापना विभागांत पोहोचली असेल, याचा अंदाज वाचकांनी करावा.

आकड्यांची मला नोकरीपासून सवय आहे, म्हणून दोन आकडे देतो. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले; महाराष्ट्र त्या बारांत नव्हता, पण आपण काही निराळ्या मातीचे नाही. त्यात प्रौढांपैकी सुमारे वीसांत एकाला आयुष्यात केव्हा ना केव्हा नैराश्याचा आजार झाल्याचे आढळले आणि नैराश्यासारख्या आजारांच्या शंभर रुग्णांपैकी साधारण ८५ जणांना उपचार मिळत नसल्याचे दिसले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार नैराश्य आणि चिंताविकार यांमुळे जगात दरवर्षी कामाचे सुमारे १,२०० कोटी दिवस वाया जातात. या दिवसांपैकी किती दिवस कंबरदुखी, कावीळ आणि ‘ताप व अशक्तपणा’ या नावांखाली नोंदले जात असतील, हे कोणत्याही सर्वेक्षणात यायचे नाही.

कावीळ हा शब्द मी उगाच वापरलेला नाही. २०१९ मध्ये माझ्या हाताखालच्या एका तरुण कर्मचाऱ्याने वर्षात तिसऱ्यांदा काविळीच्या कारणाने रजा मागितली. त्याचे डोळे पांढरेस्वच्छ होते आणि नजर मला ओळखीची होती. मी त्याला खाडीच्या धक्क्यावर घेऊन गेलो आणि माझ्या कंबरपट्ट्याची गोष्ट सांगितली. तो आधी हसला, मग बराच वेळ बोलत राहिला. आज तो दुसऱ्या शाखेत चांगले काम करतो आहे. पण त्याच्या त्या अर्जावर मी काय शिफारस केली? ‘कावीळ, रजा मंजूर व्हावी.’ कारण रकाना तोच होता आणि त्यात खरे लिहून त्याला उघडा पाडण्याचा अधिकार मला नव्हता.

म्हणून माझी मागणी लहान आहे. सरकारी, निमसरकारी आणि खासगी कार्यालयांनी व्याख्याने जरूर ठेवावीत, पण त्याआधी रजेच्या अर्जातून आजाराचे नाव काढावे. अमुक कर्मचारी माझ्या उपचाराखाली आहे, त्याला इतक्या दिवसांची विश्रांती आवश्यक आहे आणि तो अमुक तारखेला रुजू होऊ शकेल, एवढे नोंदणीकृत डॉक्टरांनी लिहिले की कार्यालयाचे काम भागते. शंका असेल तर ती वैद्यकीय अधिकाऱ्याने बंद लिफाफ्यात फेडावी, आस्थापनेच्या लिपिकाने नव्हे. रुजू झालेल्या माणसाला महिना-दोन महिने हलके काम द्यावे, आणि ते मेहेरबानी म्हणून न देता मोडलेला हात प्लास्टरमधून निघाल्यावर जसे देतो तसे द्यावे. कोणी म्हणेल, याचा गैरफायदा घेतला जाईल. घेतला जाईलच, कंबरदुखीचाही घेतला जातो, तो मीच घेतला आहे. त्यासाठी खऱ्या आजाऱ्याला खोटे बोलायला लावणे हा कसला बंदोबस्त?

आणि ज्यांना आज, या क्षणी, त्या नवव्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे द्यावेसे वाटते त्यांच्यासाठी: केंद्र सरकारची टेली-मानस ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६. ती चोवीस तास आणि विनामूल्य आहे, मराठीत बोलता येते आणि त्यासाठी घाट चढावा लागत नाही. माझ्या वेळी ती नव्हती.

शेवटी एक विनंती. नियमानुसार माझे पूर्ण नाव, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक आपल्या माहितीसाठी वेगळ्या कागदावर जोडला आहे. तो कृपया प्रसिद्ध करू नये. निवृत्त झाल्यामुळे मला स्वतःला आता कोणाच्या टेबलाची भीती उरलेली नाही. परंतु धाकट्या मुलीच्या लग्नाची बोलणी चालू आहेत, मुलाकडची मंडळी आपलेच दैनिक घेतात आणि पत्रिका जुळल्यावर ती घराण्यातील आजारांची चौकशी करणार आहेत. तिच्या आईने त्यांना माझ्या कंबरदुखीविषयी आधीच सांगून ठेवले आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त बँक कर्मचारी
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग